डावीकडून नऊ जणी

रंगाच्या कारखान्यातल्या स्फोटाचा फोटो दैनिकाच्या चित्रं बनवणाऱ्या यंत्राने बातमीच्या चार ओळी वाचून केव्हाच तयार केला होता. धूर, ज्वाळा, रडणाऱ्या बायका, सगळं कसं झकास!

"कॅमेऱ्याचे फोटो आता कोण छापतं, हेमलताबाई?" संपादक रणदिवे म्हणाले. "तुमचा हा जखमी कामगार बायकांचा फोटो खरा कशावरून? कारखान्याचे मालक तर म्हणतात, आत कुणी नव्हतंच."

हेमलता डोईफोडेंचं डोकंच फिरलं. छायाचित्रकार म्हणून तीस वर्षं त्यांनी प्रत्येक फोटोखाली डावीकडून नावं लिहिली होती. एखादं नाव चुकलं, तर दुसऱ्या दिवशी तो माणूस जाब विचारायला कचेरीत हजर व्हायचा.

"तुमच्या यंत्राच्या फोटोतल्या बायकांची नावं सांगा," त्या म्हणाल्या. "डावीकडून."

रणदिवेंनी पडद्यावरचा फोटो मोठा करून पाहिला.

हेमलताबाईंनी आपला फोटो टेबलावर आपटला आणि दार सताड उघडलं. बाहेर, हातांना पट्ट्या बांधलेल्या नऊ जणी फोटोतल्याच क्रमाने उभ्या होत्या.

"यमुना लोखंडे," डावीकडची पहिली कडाडली. "आतच होते मी. लिहून घ्या."

रणदिवेंनी पेन उचलेपर्यंत दुसरीने तोंड उघडलं नाही.