अर्पणपत्रिकेतलं नाव

महिन्याभरात कादंबरी लिहिणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटावर रघुवीर बर्वे रोज आकडा टाकत, 'आज दीड हजार शब्द.' खरं तर पहिल्या आठवड्यानंतर त्यांनी वही उघडलीच नव्हती.

तिसाव्या दिवशी गटातल्या यमुना गावित या अंगणवाडीसेविकेचा फोन आला. "सर, माझी कादंबरी झाली. सोडून द्यावंसं वाटलं, की तुमचा आकडा बघायचे आणि पुन्हा लिहायला बसायचे. अर्पणपत्रिकेत तुमचंच नाव घातलंय."

बर्व्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आभार मानून फोन ठेवता आला असता.

"नाव काढा," ते कसेबसे म्हणाले. "आकडे खोटे होते. माझी नऊच पानं झालीत."



"काढते," यमुना म्हणाली. "पण दहावं पान आजच लिहा. संध्याकाळी मला वाचून दाखवायचं."