काढून टाकलेली नऊ मिनिटं

दुधाच्या पातेल्यावरचं झाकण खडखडलं आणि घरातली शांतता मोडली. केतकीने गॅस बंद केला. एरवी कोपऱ्यातल्या पेटीतून तिचा नवरा सुहृद ओरडला असता, "दूध बघ गं!" तो जाऊन दोन वर्षं झाली होती, पेटीतली त्याची स्मृती मात्र कालपर्यंत बोलत होती. काल पेटीच जळाली; त्या स्मृतीची फाईल तेवढी केतकीकडे वेगळी ठेवलेली होती.

नवी पेटी जोडायला आलेला तंत्रज्ञ पडद्याकडे बघून थांबला. "ताई, हॅश, म्हणजे फाईलचा ओळख-आकडा, जुळत नाही. साहेबांची स्मृती उतरवली तेव्हाचा आकडा वेगळा, तुमच्या फाईलचा वेगळा. कुणी हात लावलाय का?"

"एवढंसंच काढलं होतं. आमच्या भांडणाची नऊ मिनिटं."

"अहो, एक अक्षर हललं तरी आख्खा आकडा बदलतो. जुन्या पेटीत ही तपासणी नव्हती; आता न जुळणारा माणूस चालू करायची आम्हाला परवानगी नाही. मूळ प्रत आहे?"

ती तिने तेव्हाच पुसली होती. त्या नऊ मिनिटांत त्याच्या शेवटच्या सकाळचं भांडण होतं. 'या पोरीमुळे माझं काही उरलंच नाही,' असं ती ओरडली होती, आणि तो कामावर गेला तो गेलाच. ते वाक्य त्याच्या आठवणीत राहू नये, एवढंच तिला हवं होतं.

तंत्रज्ञ नवी पेटी परत घेऊन गेला. ती पोर, सहा वर्षांची इरा, दुधाचा पेला धरून केतकीला चिकटून बसली.

"तू ते भांडण काढून टाकलंस म्हणून बाबा चालू होत नाहीत?"

"हो गं, सोन्या."

"कशावरून भांडला होतात तुम्ही?"