डावीकडची अक्षरं

"नलिनी, आज बारा अक्षरांचा शब्द सापडला बघ!" टायपिंग क्लासच्या भिंगार्डे सरांनी मोठ्या हौसेनं चिठ्ठी तिच्या मशीनवर ठेवली.

वडिलांच्या गिरणीच्या पट्ट्यात तिचा उजवा हात गेला, तेव्हापासून सर तिच्यासाठी रोज डिक्शनरी उपसत. ज्यात फक्त डाव्या हाताकडची अक्षरं येतात असे इंग्रजी शब्द हुडकायचे, जितके लांबलचक तितके चांगले. तीन महिने ती त्या अर्ध्या कीबोर्डवरच फिरत होती. खुंटाला बांधलेल्या गाईला दाव्याच्या लांबीएवढंच गवत, तसं.

तिनं शब्द टाइप केला. स्टुअर्डेसेस. एकही चूक नाही.

"म्हणजे काय हो, सर?"

"हवाई सुंदऱ्या गं! विमानात चहापाणी देतात त्या."

तिनं ओढणीखालचं मनगट आणखी आत ओढलं. "परीक्षेतला उताराही असाच शब्द निवडून देतील का?"

सर घुटमळले. "परीक्षेच्या यादीत तुझं नाव घातलेलं नाही मी, पोरी. उगाच नापास होऊन रडत बसशील. इथे तुझा वेळ बरा जातोय की."

वेळ! नलिनीनं ओळ बदलली. डावा हात उचलून पहिल्यांदाच पलीकडे नेला आणि शोधत, अडखळत सहा अक्षरं उमटवली.

"माझ्या नावातलं एकच अक्षर डावीकडचं आहे, सर," तिनं कागद ओढून काढला. "हा यादीला जोडा."