दहातली सात

“दहातली सात मुलं गेमच्या विळख्यात!” अहिरे सरांनी पेपरातलं कात्रण पडद्यावर मोठं करून दाखवलं. सिडकोतल्या शाळेचा हॉल पालकांनी आणि मुलांनी गच्च भरला होता. विळखा म्हटलं की आया लगेच मोबाईल काढून घेतात, हे सरांना पक्कं ठाऊक.

आता या बातमीमागच्या सर्व्हेत मुलांना विचारलं काय होतं, तर ‘मोबाईलवर गेम खेळतेस का? हो की नाही?’ एवढंच. किती वेळ, कुणाबरोबर, ते कोण विचारतंय! सहावीतल्या रोशनीने खरं ते सांगितलं, हो. झाली सातांतली एक. बातमी वाचली त्याच सकाळी तिच्या आईने, मीनाने, मोबाईलमधला ऑनलाईन लुडो काढून टाकला.

“ज्यांनी गेम सोडला त्यांनी उभं राहायचं!”

रोशनी उभी राहिली. सरांनी तिला स्टेजवर घेतलं, ‘गेममुक्त’ असा बिल्ला लावला. टाळ्या पडल्या. मीनाला भरून आलं. नवरा घर सोडून गेल्यापासून ती एकटीच पोर वाढवत होती. तिच्या वाट्याला टाळ्या कुठल्या यायला!

“मग बाळ, आता त्या वेळात काय करतेस?” सरांनी माईक पुढे धरला.

“काही नाही.”

“असं कसं? वाचन? अभ्यास?”

“लुडोत पप्पा यायचे, सर. बोलायचे माझ्याशी. मी मुद्दाम हरायचे. मग ते अजून एक डाव खेळायचे.”

हॉल हसला. “बघा, कसं गुंतवतात हे गेम!” सर म्हणाले.

मीना हसली नाही. पप्पांचं नाव घरात काढायचं नाही, हा कायदा तिचाच. त्याचा नंबर केव्हाच बंद पडलेला, तो कुठे असतो तेही तिला ठाऊक नव्हतं. अन्‌ पोरीला तो रोज भेटत होता!

तिने घाईघाईने लुडो परत डाउनलोड केला. ‘नवीन खेळाडू. नाव टाका.’ तिने रोशनीचं नाव टाकलं. मित्रांच्या यादीत कुणीच नव्हतं. जुनं सगळं पुसलं गेलं होतं. देवा रे, आता या माणसाला शोधायचं कुठे?

“पुढच्या सर्व्हेत आकडा खाली येणार, लिहून घ्या!” स्टेजवरून सर सांगत होते.

रोशनी खाली आली. आईच्या हातातल्या मोबाईलवर लुडो दिसला तसा तिचा चेहरा उजळला.

“मम्मी, पप्पा आले?”