मंगळवारचं शून्य

"साहेब, सांगून कुणाचा विश्वास बसणार नाही!" रेडिओवरच्या सकाळच्या निवेदकाने उसनं हसू आणलं. टेबलावर श्रोत्यांच्या पाहणीचा अहवाल होता आणि त्याच्या कार्यक्रमापुढे मंगळवारी चक्क शून्य. कार्यक्रम राहणार की जाणार, ते आजच ठरायचं होतं. "मंगळवारी अख्खं शहर असं रंगलं होतं, की पाहणीवाल्याने दारं बडवली तरी कुणी रेडिओपासून उठेना. दूध उतू गेलं, अंघोळीचं पाणी निवलं! मग तो बिचारा शून्य नाही तर काय लिहिणार?"

साहेबांची मान हलकेच डोलली. निवेदकाच्या जिवात जीव आला.

"थापा काय मारतोस, लेका?" दारातून तंत्रज्ञ म्हणाला. "मंगळवारी सकाळभर आपला ट्रान्समीटर बंद होता, साहेबांना तेच सांगायला आलोय. ते शून्य तुझं नव्हतंच!"