उद्या पाणी येणार नाही

"वहिनी, आज पाणी किती वाजता येणार?"

"वेबसाइटवर टाकलंय, काका."

"ते असू द्या हो. तुम्ही सांगा ना."

वहिनींनी सांगितलं आणि फोन ठेवला. तो लगेच पुन्हा वाजला. दवाखाना उद्या उघडा आहे का? तेही वेबसाइटवर होतं. तेही त्यांनी सांगितलं. तोवर गॅसवरची भाजी करपली.

गावाची वेबसाइट काढायची ठरली, तेव्हा बोलणं वेगळंच झालं होतं. ज्याची बातमी त्याने टाकायची. दवाखाना, शाळा, वाचनालय, पाण्याची टाकी, सगळ्यांना आपापला पासवर्ड दिला होता. वहिनींनी घरी बोलावून शिकवलंही होतं, चहापाण्यासकट. डॉक्टर पासवर्ड विसरले. मुख्याध्यापकांनी तो इतका जपून ठेवला की त्यांचा त्यांनाच सापडेना. किराणावाल्याने स्वतःचा हसरा फोटो टाकला आणि तिथेच थांबला. टाकीवाला तर सरळ म्हणाला, "मी चाव्या फिरवणारा माणूस, वहिनी. तुम्हीच टाकत जा, मी बघत जाईन." शेवटी सगळं लोढणं वहिनींच्या गळ्यात पडलं. वेबसाइट म्हणायची गावाची, आणि गावाचा वाटा काय, तर चुका काढणं.

बरं, एवढं करून ती कोणी उघडतं की नाही, तेही कळायला मार्ग नव्हता. आकडा दाखवणारी सोय केव्हाच बंद पडली होती. पहिल्या पानाचा निळा रंग ठरवायला वहिनींनी एके काळी अख्खा आठवडा घालवला होता. आता तो रंग दिसला तरी त्या नजर वळवायच्या.

"उद्या ग्रामपंचायतीच्या बैठकीत सांगून टाकते, बंद करा म्हणून," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "पालथ्या घड्यावर पाणी नुसतं."

"अगं, कोणीतरी वाचत असेलच की."

"कोणी म्हणजे कोणी वाचत नाही! थांबा, दाखवतेच."

त्या तरातरा कॉम्प्युटरपाशी गेल्या आणि टाइप केलं, 'उद्या पाण्याची टाकी धुणार असल्यामुळे दिवसभर पाणी येणार नाही. सर्वांनी आजच पाणी भरून ठेवावे.' शुद्ध थाप. असलं काही कोणीच ठरवलं नव्हतं.

मग त्या हाताची घडी घालून फोनसमोर बसल्या. एरवी पाणी जरा उशिरा आलं तरी गाव त्यांचं डोकं खायचं. ही बातमी एकाने जरी वाचली असती, तरी फोनवर फोन आले असते. पण फोन गप्प. दुपार गेली, तरी गप्प. संध्याकाळी वहिनींनी तो उचलून, चालू आहे ना, हेसुद्धा बघितलं. चालू होता.

"आज सगळ्यांच्या घरी बादल्या कसल्या गं वाजतायत?" खिडकीशी बसलेल्या सासूबाईंनी विचारलं.

"वाजू द्या हो आई. माझं डोकं आधीच वाजतंय."

स्वयंपाकघरातला नळ करंगळीएवढी धार सोडत होता. यालाही कंटाळा आला वाटतं, असं पुटपुटत त्यांनी जेमतेम भांडी धुतली. आपलंच म्हणणं खरं ठरलं होतं, तरी त्यांना रडू येत होतं. ती थाप काढून टाकायची तसदीही त्यांनी घेतली नाही. जे कोणी वाचतच नाही, ते काढायचं तरी कशाला?

सकाळी बैठकीला जायचं म्हणून त्या लवकर उठल्या. दात घासता घासता नळ सोडला. नळ फुसफुसला आणि बंद झाला. दुसराही तसाच. तोंडात फेस घेऊनच त्यांनी टाकीवाल्याला फोन लावला.

"अहो, पाणी कुठंय?"

"आज कसलं पाणी, वहिनी? टाकी धुतोय ना मी!" फोनमधून खराट्याचा आवाज येत होता.

"कोणी सांगितलं तुम्हाला?"

"म्हणजे काय? तुम्हीच टाकलंत की! मी रोज सकाळ-संध्याकाळ बघतो. म्हटलं, वेबसाइटवर आलंय म्हणजे वर ठरलं असणार. आणि काल संध्याकाळी अख्ख्या गावाने पिंपं, पातेली, जे हाताला लागेल ते भरून घेतलं. टाकीचा तळ दिसायला लागला. मग काय, उतरलो आत."

"पण मला एकाचाही फोन आला नाही!"

"वाचल्यावर फोन कशाला करतील, वहिनी? तुम्हाला फोन करतात ती न वाचणारी चार माणसं. काल त्यांनाही शेजाऱ्यांनी सांगितलं असेल."

वहिनींनी फोन ठेवला. घरात प्यायला जेमतेम तांब्याभर पाणी होतं. सासूबाई अंघोळीसाठी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. नवरा छताकडे बघत होता, आणि त्याचे खांदे हलत होते. वहिनींना हसू येत होतं आणि स्वतःचा भयंकर रागही येत होता. बादली उचलून, फेस पदराने पुसत, त्या शेजारच्या शिंपीणकाकूंच्या दारात गेल्या. काकूंच्या ओट्यावर काठोकाठ भरलेल्या भांड्यांची रांग होती.

"काकू, एक बादली पाणी मिळेल का?"

शिंपीणकाकूंनी त्यांच्या रिकाम्या बादलीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे.

"कमाल आहे बाई तुझी," त्या म्हणाल्या. "वेबसाइटवर बघत नाहीस का?"