मधली गाडी

या, आणखी थोडं जवळ सरका. टाळ मांडीवर असू द्या, वाजवू नका. एका मोटारसायकलच्या खरेदीची गोष्ट सांगतो. छोटीच आहे, आरतीच्या आत संपेल.

लातूरच्या शोरूममधून वरद साडेसहाशे सीसीच्या गाडीवर चक्कर मारायला गेला आणि ती ढकलत परत आला. कोपऱ्यावरच्या सिग्नलला ती तीनदा बंद पडली होती. हेल्मेट काढून तो म्हणाला, "ही नको. ती मधली घेतो, चारशेवाली."

शिवम त्याचा शाळेपासूनचा मित्र, कीर्तनातला टाळकरी. तो उसळलाच. "पाच वर्षं साडेसहाशे, साडेसहाशे करून राहिला लेका! मोबाइलवर बायकोचा फोटो न्हाई, ह्या गाडीचा हाय. अन् आता चारशे?"

"चारशेवालीही चांगली आहे," शोरूमची मनस्विनी म्हणाली, "नेकेड आहे, शहरात हलकी पडते. पण सर, तुम्ही तर ठरवून आला होतात."

"नेकेड म्हंजे?" खुर्चीत बसलेल्या रेणुकादासबुवांनी विचारलं. बुवा सत्तरीचे, कीर्तनकार. वरद बारा वर्षं त्यांच्या मागे पखवाज घेऊन उभा राहत होता. नव्या गाडीचा नारळ त्यांच्याच हातून फुटावा म्हणून त्यांना सोबत आणलं होतं.

"म्हंजे अंगावर काही न्हाई, बुवा. इंजिन सगळं उघडं," शिवम म्हणाला.

"मग माहूरच्या दत्तासारखी दिगंबर म्हणा की!"

मनस्विनीसुद्धा हसली. वरदने डावा हात खिशात घातला आणि शिवमला बाजूला घेतलं.

"बुवांसाठीच घेतोय. मोठीची मागची सीट लई उंच. थकलेत रे ते. चाकूरच्या कीर्तनात पाहिलंस ना? गजर चढवलाच नाही. बसल्या लयीत संपवला."

बुवा थकलेत, हे त्याला खरंच वाटत होतं. सीटची उंची मात्र त्याने पाहिलीही नव्हती.

बुवांच्या कानावर ते गेलं. ते उठले, धोतराचा सोगा खोचला आणि कुणी हात द्यायच्या आत मोठ्या गाडीच्या मागच्या सीटवर चढून बसले.

"बसलो बघ. माझ्यापायी मन मारू नको."

वरद जागचा हलेना.

"ये, पुढं बस. क्लच दाब बघू. मी पण राजदूत चालवलेली हाय."

वरद पुढे बसला. डाव्या हाताची बोटं क्लचवर ठेवली. दोन वळली. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तशीच ताठ राहिली. क्लच अर्ध्यावरून सुटला.

"कधीपासून?" बुवांनी मागून विचारलं.

"गोकुळाष्टमीपासून. डॉक्टर नस दबलीय म्हणतात. सुटेल का, ते सांगत न्हाईत." त्याने मान वर केली नाही. "घरात बायकोलाही बोललो नाही. मधलीचा क्लच हलका हाय, बुवा. तेवढा दाबता येतो."

शिवमची नजर त्या डाव्या हातावर गेली. सोमवारपासून उमरीचा सप्ताह होता. पखवाजाची डावी बाजू, कणीक लावलेली, जिचा घुमारा मंडपभर फिरतो, ती ह्याच हाताची.

"चाकूरला तुझी डावी बाजू मुकी झाली," बुवा म्हणाले. "माझ्या पाठीला कळलं. म्हणून चढवला न्हाई गजर."

वरद वळला. "पण लोक म्हणाले, बुवा आता..."

"म्हणू दे की."

"बुवा, सगळा गाव म्हणत होता! मी पण म्हणलो!"

"उमरीवाल्यांचा फोन आला होता परवा," बुवा म्हणाले. "काल्याचं कीर्तन दुसऱ्या महाराजांना दिलं. म्हणाले, तुम्हाला आता झेपायचं न्हाई. मी हो म्हणलं."

काल्याचं कीर्तन म्हणजे सप्ताहातल्या शेवटच्या दिवसाचा मान. उमरीत तीस वर्षं तो बुवांचा होता.

"मला सांगायचं ना!" वरदचा आवाज फाटला. "दुसरा पखवाजवाला घेतला असता तुम्ही."

"सांगितलं असतं, तर तू त्याच राती पखवाज खाली ठेवला असतास."

"मग आता ठेवू?"

बुवा उतरायला बघत होते. चढले होते झपकन, पण आता पाय सीटवरून पलीकडे येईना. एकदा उचलला, दुसऱ्यांदा उचलला. कपाळावर घाम आला. ते ओशाळं हसले. वरद खाली उतरला, उजवा खांदा त्यांच्या काखेत दिला आणि शिवमने धोतर सावरत त्यांचा पाय अलगद इकडे आणला.

"सीट उंचच हाय रे," बुवा म्हणाले.

मनस्विनीने मधल्या गाडीचे कागद काढले.

उमरीच्या काल्याला तुमच्यापैकी कुणी होतं का? तरणे महाराज होते, गजर असा चढला की मंडप हलला. पखवाज कुणा नव्या मुलाच्या गळ्यात होता. खांबाजवळ, श्रोत्यांत, दोघं बसले होते. म्हाताऱ्याने शेजारच्याचा डावा हात स्वतःच्या मांडीवर घेतला होता आणि त्याच्या तळव्यावर तो बोटांनी ताल धरत होता.

माऊली, आज घरी जाताना त्या दोघांची आठवण असू द्या.